सिली बेटांवरचे दोन क्लब खरंच पिढीजात वैरी आहेत का?

‘इंग्लंडजवळच्या एका बेटावर दोनच फुटबॉल क्लब आहेत, अर्धं गाव एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, पिढ्यानपिढ्या वैर,’ असा मेसेज अधूनमधून फिरतो. यातले दोन क्लब खरे, वैर मात्र नाही.

कॉर्नवॉलच्या टोकापासून सुमारे 45 किलोमीटरवर सिली बेटं आहेत. वस्ती जेमतेम 2,000. पूर्वी वेगवेगळ्या बेटांचे संघ आपसांत खेळायचे. खेळाडू कमी होत गेले आणि 1950च्या दशकात दोनच संघ उरले. 1984मध्ये त्यांची नावंही बदलली. सगळे सामने सेंट मेरीज बेटावरच्या एकाच मैदानावर होतात.

आता वैराचं पाहू. हंगामाआधी दोन्ही कप्तान बसून सगळे खेळाडू वाटून घेतात, आपल्याकडे गल्लीत घेतात तसेच. त्यामुळे यंदाचा सोबती पुढच्या वर्षी समोर उभा राहू शकतो. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते, कारण एकच संघ भारी झाला तर लीगच बंद पडेल.

पडताळायचं असेल तर लागोपाठच्या दोन हंगामांच्या खेळाडूंच्या याद्या शेजारी ठेवा, बाजू बदललेली नावं दिसतील. गुणतक्ताही बघा: एकाचे विजय म्हणजे दुसऱ्याचे पराभव, त्यामुळे चुरस किती होती ते लगेच कळतं.