घरच्यासाठी काढलेली प्रत

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक खाचा असत. कोऱ्या कॅसेटला तिथे प्लॅस्टिकची इवलीशी पट्टी असायची. गाणी भरून झाली की ती मोडून टाकायची, म्हणजे चुकून काही पुसलं जात नसे. आमच्याकडे भजनांची एक विकतची कॅसेट होती. दर पावसाळ्यात टेपवर बुरशी धरायची आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. शेवटी दोन कॅसेट एकदम बसणाऱ्या डबल डेकवर तिची प्रत काढली आणि मूळ कॅसेट कपाटात ठेवून दिली. पैसे मोजून घेतलेली वस्तू टिकावी, एवढाच त्यामागे हेतू होता. ती प्रत तेव्हाच्या कायद्यात बसत नव्हती, हे मला खूप उशिरा कळलं.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, लागू झाला २१ जानेवारी १९५८ ला. त्याच्या ५२ व्या कलमात खासगी उपयोगासाठी 'उचित वापरा'ची, म्हणजे हक्कदाराला न विचारता मर्यादित वापर करण्याची मुभा आहे, पण मुळात ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरतीच होती. यातलं 'संगीत' म्हणजे स्वररचना. ध्वनिमुद्रण ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी चीज. म्हणजे गाण्याचं नोटेशन वहीत उतरवून घ्यायला हरकत नव्हती, पण त्याच गाण्याची तबकडी किंवा टेप या कलमाच्या बाहेर राहिली. मला वाटतं, त्या काळात घरी बसून तबकडीची प्रत काढण्याची सोयच नसल्याने कुणी त्याचा विचार केला नसावा.

१९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली आणि चित्र पालटलं. पुढे आपल्या गावोगावी गाणी भरून देणारी दुकानं निघाली. कागदावर यादी लिहून द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची कॅसेट ते सांगायचं आणि दोन दिवसांनी घेऊन यायची. हा सरळ धंदा होता आणि गायक-वादकांच्या हातात त्यातलं काही पडत नव्हतं. घरची प्रत आणि दुकानातली प्रत यांत नैतिक फरक मोठा आहे. तो कायद्यात स्पष्ट लिहिला जायला मात्र फार वर्षं गेली.

जर्मनीने हा गुंता लवकर सोडवला. १९६५ च्या कायद्याने खासगी प्रत मान्य केली, पण ध्वनिमुद्रण यंत्रांवर कलावंतांसाठी आकार बसवला. १९८५ मध्ये तो कोऱ्या कॅसेटवरही आला. अमेरिकेत १९८४ साली सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी घरी टिपून ठेवणं हा उचित वापर आहे. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये घरच्या प्रतीला परवानगी दिली, पण भरपाईची तरतूद नाही म्हणून संगीतक्षेत्रातल्या संघटना कोर्टात गेल्या आणि जुलै २०१५ मध्ये ती रद्द झाली. भरपाईचा त्यांचा आग्रह मला रास्त वाटतो. फक्त तिच्यासाठी ग्राहकाचा हक्क काढून घेऊ नये.

आपल्याकडे आधी सोय झाली ती संगणकाच्या प्रोग्रामची: १९९४ च्या दुरुस्तीने बॅकअप प्रत मान्य झाली, १९९९ मध्ये वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठीची प्रतही. गाण्यांना आणि सिनेमांना २०१२ पर्यंत थांबावं लागलं. २१ जून २०१२ पासून खासगी वा वैयक्तिक उचित वापराची मुभा प्रोग्राम सोडून 'कोणत्याही कृती'ला मिळाली. 'उचित' म्हणजे किती, याची व्याख्या कायद्यात नाही. पण स्वतः विकत घेतलेल्या सीडीची घरच्यासाठी एक प्रत त्यात बसत नसेल, तर त्या शब्दाला अर्थच काय उरतो?

त्याच दुरुस्तीत कलम ६५ अ आलं. डिस्कवरचं किंवा फाइलवरचं, प्रत काढू न देणारं डिजिटल कुलूप कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतूची ही अट महत्त्वाची आहे, कारण कायद्याने मान्य असलेल्या कामासाठी कुलूप काढणं त्यामुळे गुन्हा ठरत नाही. मात्र दुसऱ्याला ते काढून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची. कुलूप स्वतःला काढता येत नाही, अशा साध्या माणसाला एवढ्या कटकटीत कोण मदत करणार? आणि प्रत काढता येईल अशीच वस्तू विकावी, असं बंधन विक्रेत्यावर कुठेच नाही.

भजनांची ती कॅसेट २०१३ मध्ये मी संगणकावर उतरवली. आता ती आईच्या मोबाइलवर वाजते, मधल्या खरखरीसकट. त्याच गायकाची नवी भजनं एका अ‍ॅपवर दरमहा पैसे भरून ऐकतो. एका महिन्यात भरायचे राहिले, तर 'डाउनलोड' केलेली सगळी एका रात्रीत बंद झाली.