ॲपालॅचियन खेड्यांचे जुने स्थलनिर्देशक नकाशे

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपालॅचियन डोंगररांगांमधील खेडी, पाडे, ओढे आणि खिंडी दाखवणारी जुनी सरकारी नकाशापत्रके. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने (यूएसजीएस) ती १८८० च्या दशकापासून काढली. आरंभीची पत्रके १:१,२५,००० प्रमाणावर होती. त्यांत समोच्चरेषांमधील (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील) उंचीचे अंतर बहुधा १०० फूट असल्याने लहानसहान घळी निसटल्या. पुढे १:६२,५०० आणि नंतर १:२४,००० प्रमाण आले. यांतले मधले प्रमाण आपल्याकडच्या ‘एक इंचास एक मैल’ टोपोशीटच्या अगदी जवळचे आहे.

समोच्चरेषा तपकिरी, पाणी निळे आणि माणसाने केलेले सारे काळे, अशी रंगांची वाटणी असे. घर म्हणजे काळा चौकोनी ठिपका, त्यावर क्रूस असला तर चर्च, झेंडा असला तर शाळा. ओढ्याकाठी एकामागून एक ओळीने बसलेले हे ठिपके पाहिले की अरुंद दरीत वस्ती कशी पसरली होती ते लगेच कळते. पूर्वजांचा माग काढणाऱ्यांना आज शिखरांच्या उंचीपेक्षा हे ठिपके आणि दफनभूमीच्या खुणाच अधिक मोलाच्या वाटतात.

स्थलनामे मात्र जपून वाचावीत. स्थानिक लोक डोंगरातल्या चिंचोळ्या दरीला ‘हॉलर’ म्हणतात. नकाशावर ‘हॉलो’ छापलेले असते. १८९० मध्ये नेमलेल्या भौगोलिक नाव मंडळाने नावांतले षष्ठीदर्शक (मालकी दाखवणारे) लोपचिन्हही (’) काढून टाकले. सालाचाही घोटाळा होतो: पाहणी, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांची साले वेगवेगळी असू शकतात. उत्तरकाळी जांभळ्या रंगात छापलेल्या दुरुस्त्या हवाई छायाचित्रांवरून केलेल्या असत. जागेवर जाऊन त्यांची खातरजमा केलेली नसे.

टेनेसी खोरे प्राधिकरण १९३३ मध्ये स्थापन झाले. त्याने भूवैज्ञानिक सर्वेक्षणासोबत हवाई छायाचित्रांच्या आधारे या खोऱ्याचे सविस्तर नकाशे तयार केले. त्याच प्राधिकरणाने क्लिंच नदीवर बांधलेले नॉरिस धरण १९३६ मध्ये पुरे झाले आणि टेनेसीतील लोयस्टन गाव पाण्याखाली गेले. धरणाआधीच्या पत्रकांवर जिथे दरी नि ओढे आहेत, तिथे नंतरच्या पत्रकांवर सलग निळा रंग आहे. जलाशयाच्या त्या रुंद भागाला लोक आजही ‘लोयस्टन सी’ म्हणतात.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ही जुनी पत्रके स्कॅन करून संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. कोळशासाठी माथे उडवलेल्या डोंगरांचा मूळ आकार आता या समोच्चरेषांवरून मोजता येतो.