दुखत नसलेल्या पायांची निगा

दीर्घकाळ मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायांतील मज्जातंतू हळूहळू निकामी होऊ शकतात आणि मग तळव्याला खडा टोचला, बूट घासला किंवा गरम पाण्याने चटका बसला, तरी वेदना जाणवत नाही. दुखत नसल्यामुळे तक्रार होत नाही, तक्रार नसल्यामुळे कोणी पाहत नाही, आणि रक्तपुरवठाही मंदावलेला असेल, तर साध्या फोडाची न भरणारी जखम होते. वृद्धनिवासातील ज्या रहिवाशांना वाकून स्वतःचा तळवा पाहता येत नाही, त्यांच्यासाठी हे पाहण्याचे काम परिचर्या सहायकालाच करावे लागते. म्हणून पाय धुण्याचे महत्त्व मला स्वच्छतेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या नित्याच्या पाहणीत वाटते.

पाणी कोमट, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस असावे आणि ते थर्मामीटरने तपासावे; बधिर पायाला विचारून उपयोग नाही. मधुमेहींचे पाय पाण्यात भिजत ठेवू नयेत. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या हलक्या हाताने टिपून कोरड्या कराव्यात, कारण तेथे ओल राहिली की बुरशी वाढते आणि चिखल्या होतात. घामाचे नियंत्रण करणारे मज्जातंतूही बिघडल्यामुळे टाचा मात्र कोरड्या पडून भेगाळतात. त्यामुळे मलम टाचेला आणि तळव्याला लावावे, बेचक्यांत लावू नये.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची टाच विशेष जपावी लागते. तेथे हाड आणि त्वचा यांमध्ये फारच थोडे मांस असते, त्यामुळे सततच्या दाबाने रक्तप्रवाह अडतो. लाल डाग बोटाने दाबून सोडावा: दाबल्यावर तो फिकट झाला, तर रक्त अजून खेळते आहे, लालच राहिला, तर शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, म्हणून दोन्ही टाचांना हात लावून ऊब आणि कठीणपणा यांतील फरक पाहावा. डाग चोळू नये, त्याने आतील ऊतींना आणखी इजा होते. पोटरीखाली तिच्या लांबीभर उशी द्यावी, म्हणजे टाच गादीला न टेकता अधांतरी राहते.

मधुमेहींची नखे कापणे किंवा भोवरी खरवडणे हे सहायकाचे काम नव्हे; ते परिचारिकेवर किंवा पायांच्या तज्ज्ञावर सोपवावे. सहायकाने मात्र कोणत्या पायावर, नेमके कोठे आणि केवढे काय दिसले, हे त्याच दिवशी नोंदवहीत लिहून परिचारिकेला प्रत्यक्षही सांगावे.