दूषित पदार्थ आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू: दोन्ही एकच नव्हेत

रस्त्यावरच्या खाण्याचे नमुने तपासले की बातमीचा मथळा ठरलेला असतो: 'गाडीवरच्या पदार्थांत औषधांना दाद न देणारे जिवाणू'. वाचणारा धसका घेतो आणि त्या धसक्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळून टाकतो. पदार्थ दूषित असणं ही त्या पदार्थाची अवस्था. प्रतिजैविकांना प्रतिरोध हा त्यातल्या जिवाणूचा गुण. एका ताटलीत दोन्ही सापडतात, पण एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

दूषित होण्याची वाट सरळ आहे. न धुतलेले हात, एकाच बादलीत बुचकळून काढलेल्या ताटल्या, कच्चं मांस चिरलेल्या सुरीनेच कापलेली फळं, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तापमान. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जिवाणू वाढतात. अनुकूल उबेत ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो, म्हणजे ४ तासांत एकाचे ४०९६. प्रयोगशाळा इथे मोजणी करते: एका ग्रॅममध्ये वाढू शकणारे जिवाणू किती, आणि त्यांत ई. कोलाय आहे का. तो सापडला की विष्ठेचा अंश कुठून तरी, पाण्यातून किंवा हातातून, आत आला असा संशय येतो.

प्रतिरोधाची चाचणी मात्र ताटलीतल्या पदार्थावर होतच नाही. पदार्थातून एक जिवाणू वेगळा करून वाढवतात, पोषक जेलीच्या बशीवर त्याचा पातळ थर पसरतात आणि त्यावर वेगवेगळी औषधं भिनवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात. रात्रभर ३५ अंशांच्या आसपास ठेवल्यावर बशीवर दुधी साय धरल्यासारखी वाढ दिसते. जिथे औषध चाललं तिथे चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरतं, जिथे चाललं नाही तिथे साय थेट चकतीला भिडलेली असते. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून निकाल लिहितात. मूळ पदार्थात जिवाणू दहा होते की दहा लाख, हे या बशीवरून अजिबात कळत नाही.

म्हणून लाखो जिवाणूंनी बुजबुजलेला पदार्थ साध्या औषधांपुढे शरण जाणाऱ्या जातींचा असू शकतो, आणि मोजणीत 'समाधानकारक' ठरलेल्या पदार्थात एखादा हट्टी जीव असू शकतो. तो आजार देईलच असं नाही. मला यातला जास्त दुर्लक्षित भाग हाच वाटतो. प्रतिरोधाची जनुकं बऱ्याचदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात आणि त्या कड्या एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात, कधीकधी जात ओलांडूनही. खाल्लेला जिवाणू आतड्यात चार दिवस राहून गेला, तरी तेवढ्यात तिथल्या निरुपद्रवी जिवाणूला जनुक देऊन जाऊ शकतो. खाणाऱ्याला साधी ढेकरही येत नाही. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाला निकामी करणारं, प्लास्मिडवरचं एमसीआर-१ हे जनुक चीनमधल्या डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं.

यावरून हेही दिसतं की प्रतिरोधाचं खापर गाडीवाल्यावर फोडणं चूक आहे. हात धुणं, पाणी बदलणं, गरम ठेवणं त्याच्या हातात आहे. जनुक मात्र बहुधा आधीच तयार होऊन आलेलं असतं: पशुपालनात सरसकट दिल्या जाणाऱ्या औषधांतून, सांडपाण्यातून, माणसांनी उगाच घेतलेल्या गोळ्यांतून.

आणखी एक गैरसमज: असे जिवाणू उष्णतेलाही पुरून उरतात. तसं नाही. औषधापासून वाचवणारं जनुक आचेपासून वाचवत नाही. पदार्थ आतपर्यंत ७० अंशांवर नीट शिजला की ई. कोलाय किंवा साल्मोनेला प्रतिरोधक असो वा नसो, मरतोच. उष्णतेला पुरून उरतं ते वेगळंच काही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू पदार्थात वाढताना सोडतो ते विष उकळूनही टिकतं. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या सुरू होतात, आणि आजार विषाचा असल्याने प्रतिजैविकाचा उपयोग शून्य. तिथे प्रतिरोधाचा प्रश्नच गैरलागू.

दोन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा काय होतं, ते पाकिस्तानातल्या सिंध प्रांताने २०१६ पासून पाहिलं. तिथल्या टायफॉइडच्या जिवाणूवर पूर्वापार वापरातली तीन जुनी औषधं, शिवाय फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधं आणि सेफ्ट्रिअॅक्सोन, यांतलं काहीच चालेना. तोंडाने घेण्याच्या औषधांत उरलं ते अॅझिथ्रोमायसिन. पसरायला त्याला दूषित पाणी आणि अन्न पुरलं.

बाहेरचं खाऊन जुलाब लागल्यावर घरातली उरलेली प्रतिजैविकाची गोळी घेणारे दोन्हीकडे चुकतात: जुलाबाला ती बहुधा लागत नाही, आणि उगाच घेतलेल्या गोळीने प्रतिरोधाला हातभार लागतो. बहुतेक जुलाब जलसंजीवनी आणि विश्रांतीने थांबतात. रक्त पडत असेल, ताप चढत असेल किंवा पाणी पोटात ठरत नसेल तर डॉक्टरकडे जावं. तरीही गोळी आपल्या मनाने नको, कारण ई. कोलाय ओ१५७ सारख्या घातक प्रकाराच्या संसर्गात काही प्रतिजैविकांनी मूत्रपिंडाचा धोका वाढू शकतो.