दाट मोबाइल जाळ्यांतील वारंवार हँडओव्हर

सेल म्हणजे मोबाइल जाळ्यातला एक टॉवर किंवा अँटेना आणि त्याचे सिग्नल-क्षेत्र. चालू कॉल किंवा डेटा न तुटता फोन एका सेलकडून दुसऱ्या सेलकडे सोपवला जातो, त्याला हँडओव्हर म्हणतात. गर्दीच्या शहरी भागात क्षमता वाढवण्यासाठी मोठ्या टॉवरच्या, म्हणजे मॅक्रो सेलच्या क्षेत्रातच अनेक लहान सेल बसवतात. मग सीमा जवळजवळ येतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन १०० मीटर रुंदीचा सेल ६ सेकंदांत ओलांडते. एरवीच्या ४जी हँडओव्हरमध्ये दर वेळी डेटात क्षणभर खंड पडतो आणि जाळ्यावर संदेशांचा भार येतो. दोन सेलांचे सिग्नल जवळपास सारखे असले, की फोन त्यांच्यात नुसताच ये-जा करतो. हा ‘पिंग-पाँग’ सर्वांत निरर्थक.

यावरचा जुना उपाय म्हणजे थोडे थांबणे. शेजारचा सेल ठरावीक डेसिबलने सरस ठरला आणि ठरावीक काळ तसाच राहिला, तरच फोन तसे जाळ्याला कळवतो. या काळाला ‘टाइम-टू-ट्रिगर’ म्हणतात. ४जी मानकात तो ० ते ५१२० मिलिसेकंद ठेवता येतो. तो वाढवला की हँडओव्हर घटतात, पण वेगातला फोन जुन्या सेलला चिकटून राहतो आणि जोडणीच तुटते. म्हणून तुटलेल्या जोडण्या न मोजता केवळ घटलेल्या हँडओव्हरवरून जाळे सुधारले असे म्हणणे चूक आहे.

वेगवान फोनसाठी हा काळ पाव, अर्धा किंवा पाऊण पट करण्याची सोय मानकात आहे. मात्र ४जीमध्ये वेगाचा अंदाज ठरावीक वेळात किती सेल बदलले यावरून बांधला जातो, आणि लहान सेलांच्या दाटीत तोच फसतो: पायी चालणाराही वेगवान भासू शकतो. वेगवान ग्राहकांना मॅक्रो सेलवरच ठेवले तर हँडओव्हर टळतात, पण लहान सेलांची क्षमता त्यांच्या उपयोगी पडत नाही.

दुहेरी जोडणी, म्हणजे फोन एकाच वेळी दोन सेलांना जोडणे, ही अडचण मुळाशी जाऊन सोडवते. थ्रीजीपीपी या संस्थेच्या मोबाइल मानकांच्या १२व्या आवृत्तीपासून फोनचे नियंत्रण मॅक्रो सेलकडे ठेवून डेटा लहान सेलमधूनही देता येतो. लहान सेल बदलला तरी मुख्य जोडणी हलत नाही.

जाळ्यातली स्वयं-सुधारणा प्रणाली हँडओव्हर फार लवकर झाला, फार उशिरा झाला की चुकीच्या सेलकडे गेला हे तपासून शेजारी सेलांच्या प्रत्येक जोडीसाठी हँडओव्हरची मर्यादा वेगळी ठरवते. १६व्या आवृत्तीतला सशर्त हँडओव्हर संभाव्य सेल आधीच तयार ठेवतो आणि अट पूर्ण होताच फोन स्वतः सेल बदलतो. त्याने हँडओव्हर फसणे कमी होते. एकूण हँडओव्हरची संख्या मात्र आपोआप घटत नाही.