नलिफिकेशन आणि सेसेशन: दोन्ही एकाच पोत्यात भरू नका

अमेरिकेच्या सिव्हिल वॉरचा, म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण अशा यादवी युद्धाचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो ते राज्यांच्या हक्कांचं भांडण होतं", आणि त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. एक नलिफिकेशन, म्हणजे केंद्राचा अमुक कायदा आमच्या हद्दीत चालणार नाही असं राज्यानं ठरवणं. दुसरी सेसेशन, म्हणजे सरळ युनियनमधून, अमेरिकेच्या संघराज्यातूनच, बाहेर पडणं. पहिल्यात घरातच राहून एका गोष्टीला नाही म्हणायचं, दुसऱ्यात चूलच वेगळी मांडायची.

नलिफिकेशनचं मूळ १७९८ च्या केंटकी आणि व्हर्जिनियाच्या ठरावांत सापडतं, ते गुपचूप लिहिले होते पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसन आणि मॅडिसन यांनी. पण खरा राडा झाला तो आयात करावरून. १८२८ चा टॅरिफ दक्षिणेला जाम झोंबला, कारण कापूस विकायचा परदेशात आणि लागणाऱ्या वस्तू घ्यायच्या महागात, आणि तेव्हा जॉन कॅल्हून, जो स्वतः देशाचा उपराष्ट्राध्यक्ष होता बरं का, त्यानं नाव न टाकता दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्यासाठी सगळी थिअरी लिहून दिली. राज्याचं अधिवेशन कायदा थांबवणार, मग बाकीच्यांना तो हवाच असेल तर तीन चतुर्थांश राज्यांनी घटनादुरुस्ती करून दाखवावी. कॅल्हूनच्या मते हा युनियन वाचवायचा उपाय होता, तोडायचा नाही.

२४ नोव्हेंबर १८३२ ला साउथ कॅरोलायनानं खरंच १८२८ आणि १८३२ चे दोन्ही टॅरिफ रद्द ठरवले, आणि वर धमकी दिली की बळजबरी केलीत तर आम्ही बाहेर पडू. गोंधळ इथूनच सुरू होतो, एकाच कागदात दोन्ही गोष्टी! राष्ट्राध्यक्ष जॅक्सन स्वतः दक्षिणेतला, गुलाम बाळगणारा, पण त्यानं ठणकावलं की सशस्त्र बळावर युनियन तोडणं म्हणजे देशद्रोह. १८३३ मध्ये एकीकडे सैन्य वापरायची परवानगी देणारा फोर्स बिल आला, दुसरीकडे सेनेटर हेन्री क्लेनं कर हळूहळू कमी करायची तडजोड काढली. राज्यानं माघार घेतली पण जाता जाता फोर्स बिलही रद्द ठरवलं, म्हणजे पडलो तरी नाक वर.

सेसेशनचा हिशोब निराळा. तिथे म्हणणं असं की घटना म्हणजे सार्वभौम राज्यांमधला करार, आम्ही अधिवेशन घेऊन सही केली तर अधिवेशन घेऊनच ती मागे घेऊ. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायनानं नेमकं हेच केलं, १७८८ ची आपली मंजुरी रद्द केली.

आणि हा फरक मी काढलेला नाही. जेफरसन डेव्हिस, जो पुढे कॉन्फेडरसीचा, म्हणजे बाहेर पडलेल्या दक्षिणी राज्यांच्या संघाचा, अध्यक्ष झाला, तो २१ जानेवारी १८६१ ला सेनेट सोडताना हेच सांगून गेला की लोक ज्यांची गल्लत करतात ती ही दोन तत्त्वं खरं तर परस्परविरोधी आहेत.

मला सगळ्यात भारी वाटते ती पुढची गोष्ट. १८५० च्या दशकात नलिफिकेशनच्या वाटेनं कोण चाललं होतं? उत्तरेकडची राज्यं! पळून आलेल्या गुलामांना पकडून परत द्या असा १८५० चा केंद्राचा कायदा होता, तो उत्तरेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवला, १८५९ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टानं तो निकाल उलटवला तर तिथल्या विधिमंडळानं १७९८ च्याच भाषेत निषेध केला. आणि साउथ कॅरोलायनानं बाहेर पडताना जी कारणं लिहून दिली त्यात मोठी तक्रार हीच, की उत्तरेकडची राज्यं केंद्राचा कायदा पाळत नाहीत. म्हणजे १८३२ मध्ये कायदा न पाळणं हा हक्क, आणि १८६० मध्ये दुसऱ्यानं तेच केलं तर करारभंग. मधे बदललं काय, तर कायदा गुलामगिरीच्या बाजूचा होता.

बाकीच्यांची मतंही एकसारखी नव्हती. राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन म्हणे राज्याला जायचा हक्क नाही, पण मला अडवायचाही अधिकार नाही (घ्या आता!). लिंकन म्हणाला कुठलंही राज्य एकट्याच्या मर्जीनं कायदेशीरपणे बाहेर पडू शकत नाही. रॉबर्ट ली, जो नंतर त्याच दक्षिणेचं सैन्य घेऊन लढला, त्यानं जानेवारी १८६१ मध्ये मुलाला लिहिलं की सेसेशन म्हणजे क्रांतीच, दुसरं काही नाही.

आणि कॉन्फेडरसीची स्वतःची घटना? तिच्या प्रस्तावनेत 'कायमस्वरूपी' संघीय सरकार असा शब्द आहे, बाहेर पडायच्या हक्काचं कलम कुठेच नाही, आणि गुलामांवरची मालकी धोक्यात आणणारा कायदा करायला त्यांच्या काँग्रेसला स्पष्ट बंदी आहे.