न फिरणाऱ्या बिंदूला पीळ कसा द्यायचा?

२० हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण १५ किलोवॉटची मोटर मिनिटाला १४५० फेरे घेत असेल, तर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, किती? किलोवॉटला ९५५० ने गुणायचं, फेऱ्यांनी भागायचं. उत्तर येतं सुमारे ९९ न्यूटन-मीटर. या ताकदीच्या मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, बहुधा ४२ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि सूत्राप्रमाणे त्याच्या पृष्ठभागावर कर्तन ताण (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) भरतो जेमतेम ६.८ मेगापास्कल. पोलादाच्या खिजगणतीतही नाही! तरी शाफ्ट तुटतात. बहुतेकदा चावीच्या, म्हणजे शाफ्ट आणि पुली एकत्र फिरावेत म्हणून मध्ये बसवलेल्या तुकड्याच्या, खाचेपाशी, नाहीतर जिथे व्यास एकदम बदलतो त्या खांद्यापाशी. गुळगुळीत दांड्याच्या सूत्राला यातलं काही ठाऊक नसतं, म्हणून फायनाइट एलेमेंट पद्धत लागते.

या पद्धतीत संगणक शाफ्टचे हजारो छोटे तुकडे पाडतो. हे तुकडे ज्या बिंदूंत जोडलेले असतात ते नोड. घन तुकड्यांचा नोड तीन दिशांना सरकू शकतो, पण स्वतःभोवती फिरणं त्याच्या हिशेबातच नसतं. शाफ्ट पिळला जातो तो शेजारचे नोड कमीजास्त सरकल्यामुळे. नवशिका मात्र टोकाच्या मधोमध एक नोड पकडतो, त्यावर ९९ न्यूटन-मीटरचा मोमेंट, म्हणजे पीळ, ठेवतो आणि गणित चालवतो. काही सॉफ्टवेअर चूक दाखवतात. काही गुपचूप तो मोमेंट सोडून देतात आणि निकालाच्या चित्रात, जिथे कमी ताण निळा आणि जास्त ताण लाल असतो, सगळा शाफ्ट निळाशार, सुरक्षित दिसतो. मला विचाराल तर हा निळा रंग लाल रंगापेक्षा जास्त घातक.

साधा उपाय म्हणजे बलांची जोडी. स्टिअरिंग फिरवताना एक हात वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो, तसं. व्यासाच्या दोन टोकांना उलटसुलट दिशेने प्रत्येकी सुमारे २३५७ न्यूटन लावले की झालं. फक्त त्या दोन नोडपाशी येणारा ताण खरा मानायचा नाही. मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, जितकी बारीक कराल तितका तो फुगत जातो.

म्हणून बहुतेक जण मध्यभागी एक वेगळा नोड ठेवतात आणि कोळ्याच्या पायांसारख्या जोडण्यांनी तो टोकाच्या सगळ्या नोडना बांधतात. त्यात दोन जाती. एक ताठ, जी टोकाचा आकार बदलूच देत नाही. दुसरी बल नुसतं वाटून देते, स्वतःचा ताठपणा घालत नाही. गोल शाफ्ट पिळला तरी त्याचा छेद सपाटच राहतो, त्यामुळे तिथे फारसा फरक पडत नाही. चौकोनी दांड्याचा छेद मात्र पिळताना सपाट राहत नाही, वाकडा होतो. फ्रेंच अभियंता सेंट व्हेनांनी १८५५ सालीच हे मांडलं होतं. ताठ जोडणी तो वाकडेपणा दाबून टाकते.

भार लावलेल्या जागेपासून साधारण एका व्यासाएवढं दूर गेलं की तो कसा लावला याला महत्त्व उरत नाही, एकूण टॉर्क बरोबर असला की पुरे. हे तत्त्वही सेंट व्हेनांच्याच नावाचं. लांबच्या खांद्याचा ताण हवा असेल तर यातली कुठलीही रीत चालते.

पण खाचच तपासायची असेल तर? टॉर्क शाफ्टमध्ये शिरतो तो तिथेच. चावी खाचेच्या एकाच भिंतीवर रेलते. ९९ ला २१ मिलिमीटर त्रिज्येने भागा : जवळपास ४७०० न्यूटन, म्हणजे ४८० किलो वजनाइतका रेटा, तोही साधारण ५ मिलिमीटर खोल भिंतीवर. हा दाब त्या भिंतीवर लावला की टॉर्क बरोबर येतो, पण त्याबरोबर शाफ्टला आडवा ढकलणारा ४७०० न्यूटनचा फुकटचा रेटाही येतो आणि शाफ्ट वाकतो. प्रत्यक्षात पुलीचं भोक शाफ्टला उलट बाजूने तेवढंच दाबून हा रेटा फेडतं. त्यामुळे मॉडेलमध्ये पुलीचा तो भाग आणि चावी घेऊन त्यांचा स्पर्श दाखवावा, नाहीतर निदान उलटा दाब तरी द्यावा.

गणित झालं की रंग बघण्याआधी धरून ठेवलेल्या टोकाची प्रतिक्रिया बघावी. तिथे ९९ न्यूटन-मीटर हवेत आणि आडवं बल शून्याजवळ. आडव्या दिशेला ४७०० दिसले तर पुली विसरली. मोमेंटच शून्य आला तर टॉर्क मॉडेलपर्यंत पोचलेलाच नाही.